पायथन २.७ च्या वतनदारांस अनावृत पत्र

कृ. सा. न. वि. वि.

आपला आणि माझा प्रत्यक्ष परिचय नसला, तरी आपल्या आज्ञांचा परिचय मला आहे. कारण कोणालाही विनामूल्य वापरता यावी म्हणून मी लिहिलेली जी लहानशी लायब्ररी आपल्या कचेरीतील यंत्रांवर चालते, तिची नवी आवृत्ती पायथन या संगणकीय भाषेच्या २.७ आवृत्तीवर चालेनाशी झाल्याची तक्रार करणारा आपला खलिता नुकताच रुजू झाला, आणि त्यातील एकंदर हुकमी सूर पाहता, आपण मला कधीकाळी वेतन दिले होते की काय अशा शंकेने मी माझा जमाखर्च पुन्हा एकवार तपासला. तसे आढळले नाही.

आपल्या निष्ठेपुढे मात्र मी नतमस्तक आहे. पायथन ३ चे आगमन डिसेंबर २००८ मधले. जुन्या शाखेची अखेरची आवृत्ती म्हणून २.७ निघाली ती २०१० मध्ये, २.८ कदापि निघणार नाही असे २०११ मध्ये रीतसर जाहीर झाले आणि त्या जाहीरनाम्यास, न सापडणाऱ्या वेबपानाचा म्हणून ओळखला जाणारा ४०४ हाच क्रमांक मिळाला. सेवासमाप्तीची २०१५ ची मुदत २०१४ मध्ये २०२० पर्यंत वाढवण्यात आली. आणि एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ काढून भाषेच्या कारभाऱ्यांनी ते दफ्तर कायमचे बंद केले. एवढे सारे घडूनही हा बदल आपणांस अकस्मात वाटला, यावरून आपली कालगणना वर्षांची नसून युगांची असावी, असे नम्र अनुमान करतो.

जुन्या भाषेचे गुण मी नाकारीत नाही. सातास दोनाने भागले असता तीन हे उत्तर देऊन उरलेला अर्धा निमूटपणे गिळण्याची तिची रीत एखाद्या मुरब्बी खजिनदारासही शोभली असती. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली, तर यूटीएफ-८ मध्ये तो साठवण्यास लागणारे बाइट मोजून ती पंधरा सांगे. पायथन ३ म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे मोजते. बाइट आणि मजकूर यांतील हा भेद जुन्या भाषेने कसोशीने पाळला नाही, म्हणूनच इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या आज्ञावल्या एखादे देवनागरी नाव समोर येताच मान टाकीत. आणि तो भेद पाळण्याचा निश्चय हेच नव्या भाषेने जुनीशी फारकत घेण्याचे एक प्रमुख कारण होते.

दोहोंची मर्जी राखण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नव्हे. दोन त्रिक सहा म्हणून 'सिक्स' हे नाव धारण केलेली एक लायब्ररी केवळ या मध्यस्थीसाठी जन्मास आली. युनिकोड मजकुराआधीचे जे 'यू' अक्षर पायथन ३ ने बरखास्त केले होते, ते जुन्या रयतेच्या सोयीसाठी २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत पुन्हा बहाल झाले. परंतु या समेटापायी प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासावी लागते, नव्या भाषेतील एफ-स्ट्रिंगसारख्या सोयी वर्ज्य कराव्या लागतात, आणि ज्यांच्या आधारावर आपले काम उभे, त्या इतर लायब्ररींनी जुन्या भाषेस निरोप दिला (जँगोने तर तो २०१७ मध्येच २.० आवृत्तीत दिला) की त्यांच्या जुन्या, यापुढे सुरक्षेची डागडुजी न होणाऱ्या आवृत्त्यांनाच कवटाळून बसावे लागते.

जुने सोडवत नाही, यात काही पाप नाही. एखाद्या प्रयोगशाळेतील महागडे उपकरण जुन्याच आज्ञावलीवर चालत असेल, तर तेथील सुज्ञ मंडळी लायब्ररीचीही जुनीच आवृत्ती जतन करतात आणि कोणास उपद्रव देत नाहीत. आपणांस मात्र भाषा आजोबांच्या काळची आणि लायब्ररी आजच्या सकाळची हवी आहे. स्थैर्य ही मोलाची वस्तू आहे, म्हणून तर बाजारात तिला मोल पडते: रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्स ७ बरोबर २.७ दिली आणि जून २०२४ पर्यंत, ग्राहकांकडून शुल्क घेऊन, ती सांभाळली. यंत्रे न बदलल्याने झालेली बचत आपल्या खाती जमा व्हावी आणि त्यापायीचे श्रम माझ्या रविवारच्या नावे पडावेत, ही हिशेबाची पद्धत त्या कंपनीस सुचली नाही, हे तिचे दुर्दैव.

तरी एक तोडगा सुचवतो. लायब्ररीची जुनी आवृत्ती जागेवर आहे, तिचा कोड खुला आहे आणि परवान्यानुसार त्यात हवा तो फेरफार करण्याची मुभा आपणांस आहे. तेव्हा या कामी पदरचा एक माणूस नेमावा. ते न जमल्यास माझ्या श्रमांचा ताशी दर ठरवून करारनामा पाठवावा, मी सानंद सही करीन. माझी एवढीच अट आहे, की देयकाचा हिशेब पायथन ३ मध्ये व्हावा. कारण साडेतीन तासांचे तीन झालेले मला परवडणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बिनपगारी कारभारी