काठी घरी ठेवून या

सणवार आले की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो : महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). सुरे, भाले, सोटे, काठ्या बाळगायच्या नाहीत. दगडसुद्धा साठवायचे नाहीत. आमचे अण्णा तो चष्मा लावून वाचतात आणि कुत्र्यांसाठीची वेताची काठी दाराआड ठेवून फिरायला निघतात. आधाराच्या काठीला बहुधा सूट असते, पण अण्णांचे गुडघे दुर्दैवाने ठणठणीत.

कोयतेवाले पेपर वाचत नाहीत, त्यांचा नाइलाज आहे. शिवाय नऊ इंचांहून लांब पात्याला परवाना लागतो तिथेही शेतीच्या अवजाराला सवलत. रात्री अकराला दुचाकीवरून कुठला ऊस तोडायला जातात, हे विचारायची आपली छाती नाही.

आदेशाची मुदत पंधरा दिवस. कुत्री बारमाही आहेत.