बाईक बाजाराच्या तोंडाशी लावा

डहाणूच्या जुन्या गावातल्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आणि डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्यांच्या. तिथे एक चारचाकी घुसली की सगळं अडलं. बाईक मात्र शिरते, वळते, थेट दुकानाच्या पायरीशी उभी राहते. ही सोय खरी आहे, ती मी नाकारणार नाही. खाडीकाठचं गाव आणि स्टेशनची वस्ती यांत बरंच अंतर. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून पहाटेची गाडी धरणाऱ्याला बाईकचाच आधार.

तलासरीकडे तर तिच्यावाचून चालतच नाही. उधवा, कोचाई, झरी भागातल्या पाड्यांवरून एसटी चुकली की दिवस बुडाला. वापी-उंबरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणारा पोरगा बाईकवरच निघतो, आणि रात्री ताप चढलेलं लेकरू दवाखान्यात न्यायलाही तीच बाहेर काढावी लागते. त्या बाईकबद्दल माझा एक शब्दही वाकडा नाही.

माझा राग आहे तो दोनशे पावलांसाठी काढलेल्या बाईकवर. बोंबील, मांदेली घेऊन बसलेली मावशी, पावसाळ्यात पाड्यावरून कंटोळी आणणारी वारली बाई, यांचं दुकान म्हणजे रस्त्याची कड. हॉर्न वाजला की पाटी मागे ओढायची ती त्यांनीच. एका उभ्या बाईकच्या जागेत दोघीजणी सहज बसतात. मग त्या दोघींना उठवून आपण नेमकी कुणाची सोय केली? म्हाताऱ्या माणसांनी, शाळेतून परतणाऱ्या पोरांनी चालायचं तरी कुठून?

नगरपरिषदेने बाजाराच्या तोंडाशी दुचाकीतळ आखावा. ज्यांना चालवत नाही त्यांना आणि गॅस सिलिंडर पोहोचवणाऱ्यांना आत सोडावं, बाकीच्यांनी उतरावं. हे आत्ताच करायला हवं. वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं आहे, गर्दी वाढणार ती याच तालुक्यात, आणि गल्ल्या काही रुंद होणार नाहीत.

व्यापारी म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल. त्यांनी तासभर स्वतःच्याच पायरीवर उभं राहून पाहावं. चालत आलेलं माणूस थांबतं, माल हातात घेऊन बघतं, शेजारच्या दुकानातही डोकावतं. बाईकवरचा गाडी चालूच ठेवून भाव विचारतो, आणि मागून हॉर्न आला की तसाच पुढे जातो.