दुःखाचे जाणकार

नगरला जाणकारांची वाण कधीच नव्हती. कुणी उसाच्या भावातला, कुणी मिसळीतला, कुणी जिल्हा परिषदेच्या राजकारणातला. त्यांत अलीकडं एक नवा प्रकार निघाला आहे, ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या दुःखाच्या गाण्यांचा, जाणकार. हा बहुधा सावेडीकडं राहतो, बँकेतून किंवा कॉलेजातून निवृत्त झालेला असतो, मुलगा पुण्यात मार्गी लागलेला असतो आणि साखर सोडली तर रिपोर्टात काही निघत नाही. म्हणजे स्वतःचं असं दुःख नसतंच. ते बाहेरून मागवावं लागतं. साहेब ते थेट मिसिसिपीहून मागवतात.

साहेबांचा वर्षाचा सण म्हणजे फेब्रुवारीतला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत तो सुरू झाला, पहिल्याच वर्षी ब्लूजचे नामवंत गिटारवादक बडी गाय येऊन वाजवून गेले आणि साहेबांना वारी लागली. तारकपूरहून एसटी, माळशेज घाट, कल्याण, तिथून लोकल, दादरला गाडी बदलून वांद्रे. पिशवीत घरच्या दशम्या आणि अंगात ठिपक्या-ठिपक्यांचा शर्ट.

या शर्टाचं कापड टाकलं तेव्हा टेलरनं विचारलं, "नातीच्या फ्रॉकला का साहेब?" साहेबांनी त्याला बसवून घेतलं. १९५७ साली बडी गाय लुईझियाना सोडून शिकागोला निघाले, तेव्हा आईला म्हणाले, पैसा कमावतो आणि ठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन येतो. गाडी काही आली नाही आणि १९६८ साली आई गेली. तो शब्द राहून गेला, म्हणून त्यांच्या शर्टावर ठिपके आणि गिटारवरही ठिपके. टेलरचे डोळे पाणावले. त्यानं साहेबांच्या पोटावरून टेप फिरवली आणि म्हणाला, "तरी कापड कमीच पडतंय."

कार्यक्रमात साहेब पुढं उभे असतात. मागची पोरं बिअरचे ग्लास घेऊन बोलत असली की साहेब वळून "श्श!" करतात. ती गप्प झाली की स्वतः सुरू होतात. तीन कॉर्ड, बारा बारचा साचा, तिसरा आणि सातवा स्वर किंचित उतरवायचा, बाटलीची मान बोटात घालून तारेवर घसरवायची. सगळं ऐन सोलो चालू असताना! बडी गाय वाजवता वाजवता स्टेज सोडून गर्दीत शिरतात, ही त्यांची जुनी खोड. एकदा साहेब स्टेजकडं पाठ करून एका पोराला हीच खोड समजावून सांगत होते, तेवढ्यात गाय गिटार वाजवत त्यांच्या मागून निघून गेले. पोरानं व्हिडिओ काढला. त्यात गाय थोडे दिसतात, साहेब पूर्ण दिसतात.

वारीहून परतल्यावर महिनाभर कॉलनीला त्रास. ब्लूजची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते, पहिल्यावर वाजवणारा अडाणी, असं साहेबांचं मत. ते त्यांनी शेजारच्या हरिपाठातही अमलात आणलं. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या टाळकऱ्यांना कुणी ताल शिकवावा? पण दोन अभंगांत पखवाजवाला गोंधळला, टाळ फुटले आणि बुवांनी हात जोडून सांगितलं, "माउली, तुम्ही आज नुसतं ऐका."

साहेबांचे मेहुणे शेवगावकडं कपाशी करतात. ते आले की साहेब त्यांना कापसातलं दुःख समजावून सांगतात. म्हणजे कसं, मिसिसिपीच्या रानात काळे मजूर कापूस वेचताना गात, एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी झेलायची, त्यातूनच पुढं ब्लूज आला. खुद्द बडी गाय लहानपणी कापूस वेचत.

"वेचणीचा दर काय होता दाजी?"

"शंभर पौंडाला अडीच डॉलर."

मेहुण्यांनी मनात हिशेब केला. "आणि बोंडअळी?"

साहेब उसळलेच. अळी नव्हे, भुंगा! १८९२च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासात घुसला आणि पुढं दक्षिणेतली कपाशी बसवली त्यानं. ब्लूज गायक चार्ली पॅटननं १९२९ साली त्या भुंग्यावर गाणं रेकॉर्ड केलं!

"गाणं केलं ते बरं केलं," मेहुणे म्हणाले. "पण पंचनामा झाला का?"

याचं उत्तर साहेबांकडच्या एकाही रेकॉर्डवर नव्हतं.

साहेबांच्या सौभाग्यवतींचं मत तर त्याहून रोखठोक. ब्लूजमध्ये पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत निकाल लावायचा, हे त्यांनी चाळीस वेळा ऐकलंय. त्या म्हणतात, "यासाठी वांद्र्याला कशाला जायचं? रोज सकाळी हेच चालतं. चहा झाला का, अगं चहा झाला का, आणि मिळाला की साखर कमी आहे!"

तरी एक खरं. साहेबांच्या वयाची माणसं लग्नाच्या पंगतीला जायचं म्हटलं तरी गुडघे पुढं करतात. हा माणूस अनोळखी मुलखातल्या, कधीच्या मेलेल्या मजुरांचं रडगाणं ऐकायला घाट उतरून जातो आणि रात्रीच्या गाडीनं उभ्यानं परत येतो. रसिक म्हणून त्याला शंभरपैकी शंभर मार्क द्यावेत, गप्प बसण्याच्या विषयात मात्र नापास करावं.

तेव्हा ब्लूज ऐकायला जरूर जा, कान आणि मन दोन्ही धुऊन निघतात. फक्त आत शिरल्यावर ठिपक्यांचा शर्ट कुठं उभा आहे ते आधी बघा आणि त्याच्यापासून चार माणसं सोडून उभे राहा.