टेकडीवर गादी सोडून गेलेल्या सद्गृहस्थांस

श्रीमान अपरिग्रहमहर्षी, टेकडीवल्लभ, मु. पो. पुणे, यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार वि. वि.

सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. आपले घर आता मोकळे झाले, असे समजते. समजते म्हणजे आपणच ते जगाला कळवले आहे. पांढऱ्या भिंती, एक कुंडी, एक लाकडी बाक आणि बाकावर डोळे मिटून बसलेले आपण. फोटो सुरेख आला आहे. त्या फोटोत जे जे दिसत नाही, ते सगळे आमच्याकडे सुखरूप पोचले, एवढे कळवण्यासाठीच हे पत्र.

आमच्याकडे म्हणजे वेताळ टेकडीवर. खाणीकडे जाणाऱ्या वाटेच्या जरा आत, गिरिपुष्पाच्या झाडीत. ऐवज असा : डबलबेडची फोमची गादी, काचेच्या नळीचा जुना टीव्ही, गणपतीतले थर्मोकोलचे मखर, पाय मोडलेली व्यायामाची सायकल आणि कपड्यांनी भरलेल्या काळ्या पिशव्या. पोच म्हणून हेच पत्र जपून ठेवावे.

आपली ओळख पटवण्याची तसदीही आपण आम्हांला पडू दिली नाहीत, हा आपला मोठेपणा. नव्या वस्तू ज्या खोक्यांतून आल्या ती खोकीही आपण सोबत धाडलीत. वर नाव, इमारत, मजला, मोबाइल, सारे काही. मी ते इथे छापत नाही. खोक्यांत काय आले होते तेही वर लिहिलेले आहे : कपाट आवरण्यासाठी पारदर्शक डब्यांचा संच. घर रिकामे करायचे तर आधी खरेदी करावी लागते, हे आम्हां अडाण्यांना ठाऊकच नव्हते.

आपल्या गुरुमाउली मारी कोंडो यांच्याबद्दलही मला आदर आहे. २०१९ च्या जानेवारीत त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्यासारख्या कित्येकांचे डोळे उघडले. वस्तू हातात धरायची, आनंद होतो का ते पाहायचे, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. आपण गादीचे आभार मानले असणारच. ती कुठे जाणार हे मात्र तिला सांगितले नसावे. तेवढे सौजन्य राहून गेले.

गुरुमाउलींच्या देशातली एक बाब आपल्यापर्यंत पोचली नाही, याची मला खंत वाटते. टोकियोत गादी टाकायची असेल तर आधी नोंदणी करावी लागते, तारीख घ्यावी लागते, शुल्काचे तिकीट विकत आणून ते गादीवर चिकटवावे लागते. मग ठरल्या दिवशी ती दारापुढे ठेवायची. घराच्या उंबऱ्याबाहेर एवढी शिस्त आधीपासून उभी असल्यामुळे त्या बाईंना फक्त उंबऱ्याच्या आतले बोलावे लागले. आपण त्यांची अर्धी विद्या इथे आणलीत. उरलेली अर्धी टेकडीने पुरवावी, अशी योजना दिसते. आणि हो, खुद्द मारीबाईंनी तिसऱ्या अपत्यानंतर नीटनेटकेपणाचा हट्ट बराचसा सोडून दिल्याचे २०२३ मध्ये सांगून टाकले. आपण मात्र व्रत सोडले नाहीत, याबद्दल त्रिवार वंदन.

तांब्याच्या बंबाचा विषय काढू का? आपल्या मातोश्रींच्या काळचा बंब आपण मोडीत घातलात, हे भंगारवाल्याकडून कळले. तो आमच्याकडेही येतो आणि बोलका आहे. त्याच सुमारास आलेले तांब्याच्या बाटलीचे खोके झाडीत सापडले. आरोग्यासाठी तांब्यातले पाणी उत्तम, असे त्यावर लिहिले आहे. वजनाने दिलेले तांबे आपण नगाने परत घेतलेत. व्यवहार चोख झाला.

या व्यवहाराने माझी एक शंकाही फिटली. बंब टेकडीवर का आला नाही, याचा मी बराच विचार करत होतो. ज्याला भाव आहे ते भंगारवाल्याला आणि ज्याला भाव नाही ते टेकडीला, असा आपला साधासोपा नियम आहे. फोम कोणी घेत नाही, थर्मोकोल कोणी घेत नाही. टेकडी घेते. टेकडी कधी नाही म्हणत नाही, भाव करत नाही आणि लिफ्टसमोर वॉचमनशी हुज्जतही घालत नाही.

पूर्वी नाही म्हणणारी माणसे होती. बोहारीण दारात बसायची, साडी उजेडात धरायची, जर खरी आहे का ते पाहायची आणि तीन साड्यांवर एक पातेले द्यायचे की नुसता डबा, यावर अर्धी दुपार घालवायची. कापसाची गादी दडपली की पिंजारी यायचा, कापूस पिंजून नव्या खोळीत भरून द्यायचा आणि तीच गादी पुन्हा हातभर फुगायची. विरलेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की तिचे पोतेरे. वस्तूला घराबाहेर काढण्याआधी तिचे पुढचे घर ठरलेले असे. आता आपल्याच सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना सक्त मज्जाव’ अशी पाटी आहे. बोहारणीला आत सोडायचे नाही आणि कपड्यांच्या पिशव्या रात्री गाडीच्या डिकीतून बाहेर न्यायच्या! सुरक्षाव्यवस्था असावी तर अशी.

बरे, हे सगळे इतिहासजमा झाले म्हणावे तर तसेही नाही. याच पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. जुने कपडे, फर्निचर, बंद पडलेली यंत्रे गोळा करण्याच्या मोहिमाही ती घेते. पण त्यासाठी चौकशी करावी लागते, वेळ ठरवावी लागते, प्रसंगी खिशात हात घालावा लागतो. एवढी गुंतागुंत साध्या राहणीला शोभत नाही, हे मला पटते.

आता आपल्या ठेवींचे क्षेमकुशल.

टीव्हीतली तांब्याची गुंडाळी कोणीतरी लगेच काढून नेली. ती काढताना नळी फुटली. त्या काचेत शिसे असते, टीव्ही बघणाऱ्यांना क्ष-किरणांची बाधा होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेले. आपल्या कुटुंबाचे त्याने इतकी वर्षे रक्षण केले. आता ते मातीत आहे आणि काचेचे तुकडे पहाटे चालणाऱ्यांच्या वाटेवर आहेत. मोर थर्मोकोल टोचून पाहतात. दाण्यासारखे पांढरे गोळे दिसतात, त्यांना वाटते कोणीतरी दाणे टाकले.

गादीची प्रगती सर्वांत समाधानकारक म्हणायची. फोम उन्हाने पिवळा पडला, आता बोटाने दाबला तरी भुगा होतो. टेकडीवर उन्हाळ्यात वणवे लागतात, त्यात ती सापडली असती तर हायड्रोजन सायनाइडचा धूर झाला असता. वाचली बिचारी. पाऊस आला की तो भुगा ओढ्याला लागेल, ओढ्यातून मुठेत जाईल. संगमावर मुळा भेटेल, रांजणगाव सांडसजवळ भीमा भेटेल, पुढे उजनीचे धरण. सोलापूरकर उजनीचे पाणी पितात, त्यांनाही आपला प्रसाद मिळेल. त्यातूनही काही उरले तर थेट पंढरपूर, चंद्रभागेत. आपल्याला कामाच्या व्यापामुळे कधी वारी घडली नसेल. गादीला घडते आहे.

देवांबद्दल लिहावे की नाही, या विचारात होतो. टेकडीच्या पायथ्याला पिंपळाखाली दत्तगुरू, साईबाबा आणि काच तडकलेले लक्ष्मीनारायण ओळीने उभे आहेत. मागे त्याच दुकानाचा शिक्का आहे, जो आपल्या खोक्यातल्या पावतीवर आहे. म्हणजे आपण देवांनाही हातात धरून पाहिलेत! निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पण कचऱ्यात टाकले नाहीत, पिंपळाखाली ठेवलेत, ही आपली श्रद्धा. काच, खिळे आणि प्लायवूड यांना पिंपळ काय करणार, हा प्रश्न नास्तिकांनी विचारावा.

आता मोकळ्या हवेकडे वळू. घर आवरून झाल्यावर आपण निसर्गाकडे वळलात, हे ओघानेच आले. पाठीवरच्या पिशवीतून नळीने पाणी पिण्याची सोय, कपाळावर दिवा, घडीची काठी, घडीची खुर्ची. एवढी सामग्री घेऊन आपण सिंहगडावर गेलात. तिथे जवळजवळ माथ्यापर्यंत डांबरी सडक आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही का? गावच्या बाया पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही घेऊन बसल्या होत्या. आपण मात्र पाकिटातली पौष्टिक वडी खाल्लीत आणि पाकीट तटाच्या भेगेत नीट घडी घालून ठेवलेत. घडी अगदी गुरुमाउलींच्या पद्धतीची होती. चकचकीत पन्नी आणि प्लास्टिक एकात एक चिकटवलेले ते पाकीट असते, म्हणून भंगारात त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे तेही गडाला.

पुढचा बेत राजगडाचा आहे, असे वाचले. शुभेच्छा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आहे. आपले पाकीट तिथे गेले तर थेट जागतिक पातळीवर पोचेल.

अपरिग्रहात आपल्या तोडीचा एकच माणूस या महाराष्ट्रात होऊन गेला, म्हणून त्याचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. गाडगेबाबा. एक गाडगे, एक खराटा, अंगावर चिंध्या. आवरायला घरच नव्हते, त्यामुळे पारदर्शक डब्यांचा प्रश्न आला नाही. गावात आले की आधी दिवसभर गावचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. १९५६ साली गेले, तेव्हा मागे धर्मशाळा होत्या, त्या लोकांसाठी. आपल्यात आणि त्यांच्यात किरकोळ फरक आहे. ते दुसऱ्यांचा कचरा उचलायचे.

त्यांची गादी आज कोण चालवते, असे विचाराल. (गादी म्हणजे परंपरा. आपली ती नव्हे.) रविवारी सकाळी टेकडीवर दहा-बारा माणसे जमतात. बहुतेक पेन्शनर, दोन-तीन कॉलेजची मुले. पोती भरून खाली आणतात. त्यांच्या स्वतःच्या घरात माळे भरलेले असतील, कपाटे लागत नसतील, जुने स्टोव्ह आणि छत्र्यांचे सांगाडे पडलेले असतील. ती घरे मला आपल्या घरापेक्षा स्वच्छ वाटतात.

तेव्हा एकच कळकळीची विनंती. पिशव्या, खोकी, मखर, काचा यांचे आम्ही पाहून घेऊ. तसबिरींच्या काचा आणि खिळे वेगळे काढण्याचे एका आजोबांनी अंगावर घेतले आहे. गादी मात्र अडली आहे. येत्या रविवारी सकाळी ६ वाजता यावे. एक बाजू मी धरतो, दुसरी आपण धरा. खाली टेम्पो उभा करतो, भाडे निम्मे-निम्मे. पत्ता आपल्याला माहीत आहेच, आणि आपला आम्हांला.

कळावे, लोभ आहेच, त्यात वृद्धी नको.

आपला कृतज्ञ,
टेकडीवर रोज चालणारा

ता. क. : पावसाआधी आलात तर बरे. भिजलेला फोम दोघांना हलत नाही, चौघे लागतात.