वाकडं अंगण

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, ही म्हण क्लॅरिनेटवाल्यांपुढे चालत नाही. त्यांना अंगण वाकडंच लागतं आणि त्यासाठी ते शंभरेक युरो सहज मोजतात. आयर्लंडमधल्या लिमरिकला आल्यापासून आमचे हे त्यातले झालेत.

क्लॅरिनेटच्या माउथपीसचा सपाट भाग संपतो तिथून टोकापर्यंत जो उतार असतो, तो फेसिंग; हेच ते वाकडं अंगण. बोरूची रीड त्या उतारावर उघडझाप करते, म्हणून स्वर निघतो. उतारच नसता तर रीड चिकटून बसली असती आणि आमच्या शेजाऱ्यांचं भलं झालं असतं.

माउथपीसचं टोक नि रीड यांच्यातली फट म्हणजे तोंड. वँडोरेन कंपनीच्या ५आरव्ही माउथपीसचं तोंड १.०६५ मिलीमीटर, बी४५चं १.१९५. फरक दोन केसांचा, चर्चा दोन तासांची. मोठ्या तोंडाला मऊ रीड नि भरपूर दम लागतो. आवाज ऐसपैस निघतो, पण सूर हलायला वेळ लागत नाही. लहान तोंडाला कडक रीड चालते, सूर जागेवर राहतो. आखूड उतारावर जीभ लागताच स्वर फुटतो. लांब उतारावर रीडचा जास्त भाग हलतो नि स्वर हवा तसा वळवता येतो. जर्मन माउथपीस साधारणपणे अरुंद नि लांब उताराचे. इथल्या विद्यापीठात मुक्काम असलेल्या आयरिश चेंबर ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक राहिलेले येर्ग विडमान हे जर्मन क्लॅरिनेटवादक, एवढी सबब आमच्याकडे जर्मन माउथपीस यायला पुरली.

मोजमाप तर सोनाराच्या वरताण. सपाट भागावर आकडे कोरलेली काच धरायची, खालून फीलर गेजची पातळ पत्ती सरकवायची, अडली की आकडा वाचायचा. दोन्ही कडांना तो सारखा आला नाही, तर स्वर चिरकण्याचा दोष ठेवायला जागा मिळते. इथल्या पावसात बोरू फुगतो, एबोनाइटच्या माउथपीसचा उतार तसाच राहतो. तरी बोलणी उतारालाच. १८५० पासून वाजत असलेला इथला बोहरबुई ब्रास अँड रीड बँड याच हवेत वाजवत आलाय, हे मी सांगून पाहिलं.

खरं म्हणजे दोन माउथपीसमधला फरक वाजवणाऱ्याच्या ओठाला नि जबड्याला जेवढा कळतो, तेवढा ऐकणाऱ्याला क्वचितच कळतो. तरी हे पाठमोरे उभे राहून दोन माउथपीसवर एकच तुकडा वाजवतात आणि विचारतात, "जास्त गडद कुठला?"

मी क्षणाचाही विलंब न लावता सांगते, "पहिला."

पहिला घरचा असतो. दुसरा परत करायची मुदत अजून संपलेली नसते.