डोंगरावरचं मस्टर

सरकारी नोकरीतून निवृत्त होताना माणसाला शाल मिळते, श्रीफळ मिळतं, साहेबांचं लांबलेलं भाषण मिळतं. शिक्का मात्र परत द्यावा लागतो. छत्तीस वर्षं टपालावर ‘आवक’ ठोकणाऱ्या हाताला एका संध्याकाळी सांगायचं, की बाबा रे, उद्यापासून तू फक्त जेवायला आणि भाजीची पिशवी धरायला. असा हात स्वस्थ बसत नाही. कुणाचा सोसायटीच्या पावतीपुस्तकात रमतो, कुणाचा मंडळाच्या वर्गणीत. प्रभादेवीच्या नानांचा हात लेटरबॉक्सिंगला लागला.

नाना हे एका माणसाचं नाव समजू नये. खेडगल्लीपासून सेंच्युरी बाजारापर्यंत दर दोन इमारतींमागे एक नाना निघतोच. ओळखायची खूण सोपी आहे. पाठीवर भाच्याने टाकून दिलेली सॅक, डोक्यावर ऑफिसच्या सहलीतली टोपी, हातात तपकिरी कव्हर घातलेली वही, आणि शर्टाच्या खिशात, जिथे इतरांचा मोबाईल असतो तिथे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं शाईचं पॅड. धुण्याच्या दिवशी त्या खिशावरून घरात काय होतं, ते शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू येतं.

छंद मूळचा इंग्लंडचा. डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या तिथल्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. एवढी तंगडतोड करून जो येईल त्याने तिच्यात आपलं कार्ड टाकावं, एवढंच. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पोस्टकार्डं तिथे सोडू लागले, आणि मागून येणारा ती उचलून पोस्टात टाकू लागला. आता डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तसा दडवून ठेवायचा. डबा कुठे आहे ते कोड्यात सांगितलेलं असतं. असे शंभर डबे सापडले की डार्टमूरचे लोक तुम्हाला ‘हंड्रेड क्लब’मध्ये घेतात. अमेरिकेत ही हौस पसरली ती १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात लेख आल्यावर.

नानांना हे सगळं भाच्याने सांगितलं. नाना क्षणभर गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे डोंगरावर जाऊन मस्टरवर सही करायची!” दीडशे वर्षांत एकाही इंग्रजाला आपल्या छंदाचं मर्म इतकं नेमकं सांगता आलं नसेल. आणि हे कोण म्हणालं? ज्यांच्या नावापुढे नोकरीभर लाल शाईचा लेटमार्क पडत आला, ते.

पहिला प्रश्न शिक्क्याचा. परदेशातले हौशी लोक खोडरबर कोरून शिक्का करतात. त्यावर पानं, पक्षी, कोल्हे असतात. नाना दादरच्या दुकानात गेले आणि गोल शिक्का मागितला. दुकानदार म्हणाला, “काका, गोल शिक्क्याला संस्थेचं पत्र लागेल.” नानांना राग आला नाही. उलट, या देशात अजून कुठेतरी पत्र मागतात म्हणून समाधानच वाटलं. शेवटी तडजोडीत चौकोनी शिक्का झाला. त्यावर पक्षी नाही, कोल्हा नाही. ‘आवक क्र. ____ दिनांक ____’ एवढंच.

दुसरा प्रश्न डब्याचा. तो परस्पर स्वयंपाकघरातून सुटला. श्रीखंडाचा रिकामा डबा हा मराठी घरातला सर्वांत टिकाऊ दस्तऐवज. त्यात मेथ्या असतात, मोहरी असते, शिवणकामाचं सामान असतं, श्रीखंड तेवढं नसतं. नानांनी मोहरीचा डबा रिकामा केला. “अहो, डबे दडवायला जाताय की घर मोकळं करायला, एकदा ठरवा,” काकू म्हणाल्या. आम्हा शेजाऱ्यांना काकूंचं म्हणणं पटलं होतं, पण चहा नानांनी पाजला होता.

हा डबा नानांनी समुद्राकडच्या एका बागेत, बाकाखाली दडवला. दोन तासांत तिथे शिट्टी, दोरी आणि गर्दी. यात कुणाची चूक नव्हती. ज्या वस्तीने १२ मार्च १९९३ ला सेंच्युरी बाजारापाशी स्फोट पाहिला, जिथे सिद्धिविनायकाला जायचं तर झडती देऊनच आत जावं लागतं, जिथे प्रत्येक स्टेशनावर बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून बजावतात, तिथे बाकाखाली चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा ठेवायचा आणि लोकांनी तो हौसेने उघडावा अशी अपेक्षा करायची, हे इंग्लंडातल्या माळावर ठीक. चौकीत नानांनी तपशीलवार जबाब लिहून दिला. वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. हवालदाराने वही वाचली, शिक्का हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, “कुठल्या खात्यात होतात?” खातं कळल्यावर त्याने डबा परत दिला आणि स्वतःच्या बदलीच्या अर्जाचं काय करता येईल ते विचारलं.

पण प्रभादेवीत डबा ठेवण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. इथे खूण टिकत नाही. डार्टमूरच्या कोड्यात सांगितलेला ग्रॅनाइटचा सुळका पणजोबांच्या वेळीही तिथेच होता. नानांच्या कोड्यात ‘एल्फिन्स्टन स्टेशनचा जिना’ असतो. स्टेशनाचं नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, आणि इमारतीतली पोरं विचारतात, एल्फिन्स्टन कोण? मग नानांनी ‘पुलाच्या तोंडाशी’ असं लिहिलं, तर सप्टेंबर २०२५ मध्ये पूलच पाडायला काढला. ‘गिरणीच्या भिंतीपासून’ लिहावं तर भिंतीच्या जागी टॉवर, आणि टॉवरचा रखवालदार पत्ता विचारणाऱ्यालाच पत्ता विचारतो. नाना दर महिन्याला शुद्धिपत्रक काढत. शेवटी शुद्धिपत्रकांची फाईल कोड्यापेक्षा जाड झाली.

तेव्हा डोंगर. पण नानांसारखा नियमाचा माणूस कुठल्याही डोंगरावर डबा ठेवत नाही. आधी तो डोंगर कुणाच्या अखत्यारीत येतो ते पाहतो. बोरिवलीचं जंगल राष्ट्रीय उद्यान, बाद. कर्नाळा पक्षी अभयारण्य, बाद. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर, मस्टर ठेवायला याहून मानाची जागा नाही, तेही अभयारण्यात. गडांवर ठेवावा तर ते संरक्षित, त्यातून ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा आपल्याकडचे. “आता तिथे डबा ठेवणं म्हणजे थेट पॅरिसशी पत्रव्यवहार,” नाना म्हणाले, आणि त्यांचे डोळे किंचित चमकले. डार्टमूरवरही पुरातन दगडांच्या रांगांत आणि थडग्यांत डबा ठेवू नये असा दंडक आहे, हे कळल्यावर इंग्रजांविषयीचं त्यांचं मत बरंच सुधारलं.

एक डबा त्यांनी गडाच्या हद्दीबाहेर, पायवाटेच्या कडेला ठेवला. पुढच्याच रविवारी गडसंवर्धनाच्या पोरांनी तो प्लास्टिकच्या कचऱ्यात गोळा करून खाली नेला. तक्रार कुठे करणार? त्या मोहिमेला वर्गणी नानांचीच होती, आणि पावतीवर शिक्का नाही म्हणून त्यांनी ती परतही पाठवली होती.

मध्यंतरी भाच्याने जिओकॅशिंगचं सुचवून पाहिलं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसचा मुद्दाम ठेवलेला धूसरपणा काढून टाकला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ऑरेगनमध्ये एकाने बादलीत वस्तू दडवून जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून लोक फोन बघत बघत डब्यापर्यंत जातात. नाना म्हणाले, “उपग्रहाने बोट धरून आणलेला माणूस मी हजेरीत धरत नाही.”

तर शेवटी कर्जतकडची एक बिननावाची टेकडी. नाना परळला, परळहून दादरला आणि दादरहून कर्जत लोकलने जातात, खिडकीत बसून कोडं लिहितात. ते कोडं असं असतं: ‘उपरोक्त आंब्याच्या पूर्वेस बावीस पावले चालून, विषयांकित दगडाच्या मागील बाजूस पाहावे.’ उपरोक्त आंबा कुठला ते मागच्या पत्रात. मागचं पत्र नानांच्या कपाटात. पावलं नानांची, म्हणजे पाच फूट दोन इंचांच्या माणसाची, तीही गुडघा दुखत असतानाची. भाचा आणि त्याचे मित्र एक अख्खा रविवार शोधून वडापाव खाऊन परतले. काकू मात्र पहिल्या फेरीत थेट डब्यापाशी गेल्या. कसं सापडलं विचारलं तर म्हणाल्या, “यांना दम कुठे लागतो ते मला माहीत आहे.”

पाऊस लागला आणि काकूंनी टेकडी बंद केली. नाना सप्टेंबरात वर गेले तेव्हा दोन दुधाच्या पिशव्यांत बांधलेली वही शाबूत होती. आणि भरलेली होती! ट्रेकर मंडळींनी नव्हे. पायथ्याच्या वाडीतला एक गुराखी पोरगा शाळा सुटल्यावर गुरं घेऊन येई आणि रोज एक ‘आवक’ ठोकून जाई. क्रमांकाच्या जागी गुरांची संख्या, दिनांकाच्या जागी वार. तेवढ्या पानांवर एकही खाडाखोड नव्हती. नाना दगडावर बसून पानामागून पान तपासत राहिले. जुलैत सलग नऊ दिवस कोरे दिसले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं: ‘नऊ दिवस विनापरवानगी गैरहजर. खुलासा करावा.’ खाली सही, दिनांक.

पुढच्या खेपेला खुलासा आलेला होता. शिक्का सरळ, अक्षर सुवाच्य.

‘लावणी होती. तुम्ही चार महिने कुठं होता?’

नाना सध्या उत्तराचा मसुदा करताहेत. तिसरा चालू आहे.