आमचे लेफ्टनंट

अँटॉप हिलच्या आमच्या सीजीएस, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या, कॉलनीत, सेक्टर सातमध्ये, एक लेफ्टनंट राहतात. फौजेशी त्यांचा संबंध २६ जानेवारीला टीव्हीसमोर पाय जुळवून बसण्यापुरता. बाकी उभी नोकरी केंद्र सरकारच्या एका हिशेबखात्यात गेली. ही रँक त्यांना कॉलनीतल्या पोरांनी दिली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नावापुढे 'लेफ्ट' असा शिक्का जितका यांच्या वाट्याला आला तितका दुसऱ्या कोणाच्या आला नाही. माझ्या मोजणीप्रमाणे एकोणीस वेळा. पोरं चोवीस म्हणतात, पण ती मोनोरेलप्रेमी मंडळाचा ग्रुपही धरतात.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि त्यांना काका म्हणतो. काका स्वभावाने वाईट नाहीत. कोणाच्या घरी आजारपण असलं तर डबा पोचवायला पहिले. मोबाइलला पुस्तकासारखं उघडणारं तपकिरी कव्हर, त्यात बेस्टचा पास, पेन्शनचं कार्ड आणि विठोबाचा फोटो. टायपिंग उजव्या हाताच्या एका बोटाने, तेही प्रत्येक अक्षर दाबल्यावर ते उमटलं का हे चष्म्यावरून बघून. असा माणूस रागाच्या भरात काही करूच शकत नाही. बोटाला तेवढा वेगच नाही. त्यांचं ग्रुप सोडणं म्हणजे चार दिवसांचं कार्य असतं.

पहिल्या दिवशी 'सुप्रभात' येत नाही. सूर्य, कमळ आणि चहाचा कप ही त्रिमूर्ती सकाळी सहाला आली नाही की ज्यांना कळतं ते समजतात, काकांचं काहीतरी बिनसलंय. अडचण अशी की ज्यांना कळतं ते मी आणि काकू, दोघंच. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्यांच्या मेसेजखाली नुसतं 'ठीक.' लिहितात. पूर्णविरामासकट. तिसऱ्या दिवशी जुन्या पेन्शन स्लिपच्या पाठीवर मसुदा तयार होतो. मी एक पाहिला आहे. वरती 'विषय : समूहत्यागाबाबत'. त्याखाली 'संदर्भ : पाण्याच्या टँकरविषयी अधोस्वाक्षरीकाराने दि. १२ रोजी केलेली सूचना व त्यावर सभासदांनी पाळलेले मौन'. पुढे पाच कलमं. शेवटी 'माझ्याकडून कळत-नकळत कोणी दुखावले गेले असल्यास', ज्याचा खरा अर्थ 'तुम्ही सगळ्यांनी मला दुखावलंय' असा असतो, हे मराठी माणसाला सांगायला नको.

चौथ्या दिवशी रात्री मजकूर ग्रुपवर पडतो. पण काका लगेच जात नाहीत. मेसेजवर बोट दाबून 'कोणी वाचलं' ती यादी उघडतात आणि वीस मिनिटं बघत बसतात. पन्नासेक निळ्या खुणा झाल्या की मग बाहेर. हॉल भरल्याशिवाय पडदा वर जात नाही.

आणि बाहेर पडल्यावर? बाहेरच्याला आतलं दिसत नाही, हीच तर मेख. पण काकू त्याच ग्रुपवर असतात. काका हात पुढे करतात, "बघू तुझा."

एकदा मी तिथेच बसलो होतो. काकू मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, मीच वाचून दाखवते, हाताला माती आहे तुमच्या समोरच्या कुंडीची." मग नाकावर चष्मा चढवून, "टाकीत पाणी सोडलंय म्हणे. साडेनऊपर्यंत भरून घ्या. सगळे अंगठे देतायत."

"माझ्या पत्राखाली?"

"पत्राखाली… एक अंगठा आहे. सी विंगमधल्या त्या मुलाचा."

काका बराच वेळ गप्प होते. मग मला विचारलं, "अंगठा म्हणजे काय समजायचं? जा, असं? की मुद्दा पटला, असं?" सरकारी टिपणीवर नुसती सही असली तर 'पाहिले' की 'मंजूर' यावर त्यांच्या खात्यात म्हणे सहा महिने पत्रव्यवहार चालला होता. अंगठ्यावर तर काही परिपत्रकच नाही.

त्या पत्राची सुरुवात 'अत्यंत जड अंतःकरणाने कळवीत आहे की' अशी होती. रात्री अकराला एका सद्गृहस्थांनी पुढचं न वाचता खाली लिहिलं, 'किती वाजता काढणार?'

कारणं मोठी असतात असं नाही. राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम ठरवलं, हा गेली कितीतरी वर्षं फिरत असलेला खोटा मेसेज काकांनी पंधरा ऑगस्टला टाकला. एका कॉलेजातल्या मुलीने नम्रपणे लिहिलं की काका, युनेस्कोने असं काही केलेलं नाही. काका लेफ्ट. 'माझ्या देशभक्तीवर शंका' हे कलम दोन. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने महागाई भत्ता गोठवला, तेव्हा निषेध म्हणून काका सेक्टरचा ग्रुप सोडून गेले. जुलै २०२१ मध्ये सरकारने भत्ता सतरावरून अठ्ठावीस टक्क्यांवर नेला. या दोन घटनांचा संबंध नाही असं आजवर त्यांना कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

पण हसण्याआधी जरा मागे बघावं. रुसून निघून जाणं हा आपल्याकडे टिंगलीचा विषय कधीच नव्हता, शास्त्र होतं. लग्नात वरमाई रुसायची, दिवाळीला जावई रुसायचा आणि समजूत कोणी काढायची हेही आधीच ठरलेलं असायचं. फार कशाला, रुक्मिणी द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली, तिची समजूत काढायला देव मागोमाग आला, वाटेत पुंडलिकाने वीट फेकली, आणि देव तिथेच उभा राहिला तो आजतागायत. पंढरपुरात रखुमाईचं देऊळ वेगळं आहे ते त्यामुळेच, असं सांगतात. म्हणजे आषाढीला आमच्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापुढे ती जी लांबच लांब रांग लागते, तिच्या मुळाशी एक ग्रुप सोडणंच आहे. काकांना मी हे सांगितल्यावर त्यांनी कव्हर उघडून विठोबाच्या फोटोकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

राजकारणातही हेच. जुलै १९९२ मध्ये बाळासाहेबांनी 'सामना'त 'अखेरचा जय महाराष्ट्र' केला, तेव्हा शिवसैनिक मातोश्रीवर लोटले आणि साहेबांना निर्णय मागे घ्यावा लागला. २ मे २०२३ ला शरद पवारांनी यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये, स्वतःच्याच पुस्तकाच्या कार्यक्रमात, अध्यक्षपद सोडत असल्याचं सांगितलं. सभागृहात लोक रडायला लागले. ५ मे ला पवारांनी राजीनामा मागे घेतला. ते तीन दिवस काकांनी टीव्हीसमोर जेवण केलं. हातात वही. "बघ," मला म्हणाले, "पुस्तकाचा कार्यक्रम होता. माणसं आधीच जमलेली. आपण चुकतो तिथे. आपण रात्री नऊला सोडतो, तेव्हा सगळे जेवत असतात."

काकांचा खरा आदर्श मात्र चिंतामणराव देशमुख. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ मध्ये ज्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, ते. काका स्वतः हिशेबखात्यातले, त्यामुळे नातं आणखी जवळचं. प्रत्येक पत्रात चिंतामणरावांचा उल्लेख येतोच. चिंतामणराव परत मंत्रिमंडळात आले नाहीत, एवढी बारीकशी बाब पत्रात राहून जाते.

तसं पाहिलं तर खरंखुरं जाणं आमच्या कॉलनीइतकं कोणी बघितलेलं नसेल. इथे घर कोणाचंच नाही. बदली झाली, निवृत्ती आली, की क्वार्टर सोडायचं. सीपीडब्ल्यूडीचा माणूस येतो, पंखे मोजतो, नळ फिरवून बघतो, एखादा होल्डर तुटलेला सापडला तर कागदावर लिहितो. सकाळी सातला टेम्पो लागतो. कपाट जिन्यात अडकतं, चार जण मिळून तिरकं करतात. दहा वाजता तीस वर्षांचा संसार डोंबिवलीच्या वाटेला लागलेला असतो, आणि बाकीची कॉलनी ऑफिसला गेलेली असते. हात हलवायला खाली वॉचमन. काकांचं क्वार्टर निवृत्तीनंतर मुलाच्या नावावर झालं, मुलगाही केंद्रातच लागला म्हणून. त्यामुळे टेम्पो त्यांच्या वाट्याला आलाच नाही. कधीकधी वाटतं, ते त्याची भरपाई तर करत नसतील? पण काकांइतका खोल विचार मी करू नये हे बरं.

घात झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. आधीच ग्रुप वाढत चालले होते. एके काळी शंभर माणसांची मर्यादा होती, २०१६ मध्ये ती दोनशे छप्पन्न झाली. शंभरातून एक उठला तर चाळीत कळतं. अडीचशेतून उठला तर फार फार तर जिन्यात. २०२२ च्याच अखेरीस मर्यादा एक हजार चोवीसवर गेली, म्हणजे ग्रुप सोडणं दादरला गाडीतून उतरण्यासारखं झालं. उतरणाऱ्याचं दुःख राहू दे, चढणाऱ्याला जागा झाली. पण ऑगस्टात त्याहून भयंकर गोष्ट घडली. व्हॉट्सॲपने जाहीर केलं की यापुढे कोणी ग्रुप सोडला तर तो करडा शिक्का सगळ्यांना दिसणार नाही. फक्त ॲडमिनला कळेल. सोडणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून!

काकांनी ही बातमी वाचलेली नव्हती. गणपतीच्या आदल्या रात्री त्यांनी 'आरतीत चुकीचे म्हटले जाणारे शब्द' अशी यादी टाकली. उत्तरादाखल नाचणाऱ्या बाप्पाचं स्टिकर आलं. मागच्या अंगठ्याचा अनुभव असल्याने या वेळी काकांनी पत्र लिहिलंच नाही. मौन हाच निषेध, असं म्हणून बटण दाबलं. आमच्या ॲडमिन ताई त्याच रात्री कोकणात गेल्या होत्या. त्यांच्या गावात रेंज मिळते ती विहिरीच्या काठावर उभं राहिलं तर. ताईंना दहा दिवस घरच्या गणपतीतून विहिरीकडे जायला सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी काका मंडपात मुद्दाम खुर्ची लांब घेऊन बसले. पोरगा आला, "काका, ग्रुपवर टाकलंय, आरती साडेसातला."

"मी ग्रुपवर नाही."

"नेट गेलंय का? माझं हॉटस्पॉट घ्या."

अकरा दिवस हे चाललं. काका सांगायचे, लोक रीचार्जचे प्लॅन सुचवायचे. २०१७ च्या नोव्हेंबरात आग लागून आमची मोनोरेल बंद पडली ती दहा महिन्यांनी परत आली, पण निदान ती बंद आहे हे तरी सगळ्यांना माहीत होतं. अनंत चतुर्दशीनंतर ताई परतल्या, पनवेलला फोनने रेंज धरली आणि त्यांनी गाडीतूनच काकांना आत घेतलं. आत घेतल्याची ओळ मात्र सगळ्यांना दिसते. तिच्याखाली सात जणांनी लिहिलं, 'ग्रुपवर स्वागत. कोणत्या बिल्डिंगमध्ये आलात?'

तेव्हापासून काकांना एकच आधार राहिला. ग्रुपच्या माहितीत अगदी खाली मागच्या साठ दिवसांत कोण कोण बाहेर पडलं याची यादी असते. काका बाहेर असले की काकूंच्या फोनवर रोज ती उघडून आपलं नाव बघायचे. हुतात्मा स्मारकावरची नावं वाचावीत तसं.

परवा पाडव्याच्या रात्री एकोणिसावी वेळ. कारण स्कूटर. पत्र होतंच, शिवाय आता नवीन नियमाप्रमाणे आगाऊ सूचनाही होती : 'आज रात्रौ ८ वाजता'. नऊ नव्हे, आठ. पवारांकडून घेतलेला धडा. साडेआठला माझी बेल वाजली. दारात काका, बनियनवर, चष्मा कपाळावर.

"तुझा फोन दे जरा."

"काकूंचा बंद पडला का?"

"ती ग्रुपवर नाही." आत येऊन ते मोड्यावर बसले. "दिवाळीत सोडला म्हणे तिने. मी विचारलं, कोणाशी वाजलं? तर म्हणे, नाही, खूप मेसेज यायचे."

मी ग्रुप उघडला, त्यांचं पत्र वर काढलं. तीन अंगठे होते, एक 'हॅपी गुढीपाडवा' होतं. काकांनी ते बघितलंही नाही.

"ते राहू दे. ती यादी काढ. गेलेल्यांची."

यादीत एकच नाव होतं, काकांचं. आजची तारीख. काका तरी बोटाने खाली सरकवत राहिले.

"दिवाळीचं त्यात नाही दिसायचं, काका. साठच दिवस असतं."

"काही लिहिलं नव्हतं का रे तिने? जाताना?"

"मला आठवत नाही. मलाही आत्ताच कळतंय."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा खाली घेतला, उठले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबले.

"ताईंना सांग, मला ॲड करायची घाई करू नका म्हणावं. माझा निर्णय पक्का आहे."

"सांगतो."

आणखी एक पायरी उतरले.

"हिला मात्र आजच करा."